खंड्याच्या फाइलीतलं नाव

सोमवारी सकाळी भरतकामाच्या मशीनने फाइल घ्यायला साफ नकार दिला. मावशीने पेन ड्राइव्ह तीनदा काढून घातला, फुंकर मारली, मशीनला दोन शिव्या हासडल्या. पडद्यावर तेच: फाइल वाचता येत नाही. शुक्रवारी पोहण्याच्या क्लबला चाळीस जॅकेटं द्यायची होती, छातीवर खंड्या पक्षी भरून. मावशीच्या नवऱ्याने, काकांनी, जाण्यापूर्वी काढलेली ती शेवटची नक्षी. क्लब दुसरा मिळाला असता, हा खंड्या कुठून आणायचा?

दुपारी भाची लॅपटॉप घेऊन आली. ती सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत होती. तिने फुकट मिळणारा हेक्स एडिटर उघडला.

"यात फाइलच्या पोटात काय आहे ते जसंच्या तसं दिसतं. डावीकडे आकडे, उजवीकडे वाचता येतील ती अक्षरं. पण आधी प्रत काढायची. मूळ फाइलला हात लावायचा नाही."

मावशी उगाच दोऱ्यांची रिळं नीट लावू लागली.

भाचीने शेजारी काकांची चालणारी एक नक्षी उघडली, सशाची. सशात नाना तऱ्हेचे आकडे होते, काही अक्षरांनी लिहिलेले. खंड्यात जागोजागी तेच तीन: ईएफ, बीएफ, बीडी.

"मावशी, ही फाइल मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून सेव्ह केलीस?"

"मी कशाला करू? मला काय धाड भरलीय?"

भाचीने उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. सशात काकांचं नाव होतं, ते प्रत्येक नक्षीत घालायचे. खंड्यात काकांचं होतं आणि पुढे मावशीचं.

मावशी खाली बसली. "वीस वर्षं दोऱ्यांचे रंग मी निवडले गं. म्हटलं, या एकात तरी माझं नाव शेजारी असावं. ते होते तेव्हा कधी मागितलं नाही." मग आशेने म्हणाली, "ते तीन आकडे काढून टाक ना."

"मजकुराच्या प्रोग्रॅमला जे कळलं नाही, तिथे त्याने हेच तीन भरले. त्यांच्या जागी काय होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. साधी इंग्रजी अक्षरं तेवढी टिकली."

म्हणजे नावं राहिली आणि पक्षी गेला. मावशी पदर तोंडाला लावून चांगली रडली. मग उठली, दाराआडच्या खिळ्यावरचं, खंड्या भरलेलं नमुन्याचं जॅकेट काढलं, भिंग घेतलं आणि काकांच्या कॉम्प्युटरसमोर त्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. वीस वर्षं मागे उभं राहून जे पाहिलं होतं, ते हाताला जमेना. चार दिवस टाके मोजले, चार वेळा पुसलं. शुक्रवारी सकाळी मशीनने पाचवी फाइल घेतली. चोच जरा जाड झाली होती, पण खंड्या खंड्याच होता.

भाचीने नवी फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली. आधी प्रत काढली.

"नावाला सोळा जागा आहेत, एकही वाढवता येत नाही. कुणाचं घालू?"

"दोघांची बसतात?"

भाचीने बोटांवर अक्षरं मोजली. "बसतात. पण मधे जागा सोडता येणार नाही."

"मग नको सोडूस," मावशी म्हणाली, आणि पहिलं जॅकेट मशीनला लावलं.