मोदकाचा टोप आणि साहेबांची सही

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. मोदक उकडायचा, तांब्याचा, मालवणात घडलेला. स्वभावाने जरा तापट. सारखं शेगडीवर बसणाऱ्याचं दुसरं काय होणार? जानकीच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्या हवाली केलं आणि मी मुंबईत चारकोपला आलो.

जानकी सरकारी कचेरीत कारकून. सकाळी उठून माझ्या चाळणीवर हळदीची पानं अंथरायची, मोदक उकडायची आणि मग नोकरीला पळायची. आधी शेजारची शकु म्हणाली, "मलाही करून दे ना गं, पण पैसे घ्यायचे हां." मग सगळी बिल्डिंग, मग सेक्टर, मग तिची कचेरीसुद्धा. तिचे साहेब तर दर संकष्टीला डबा मागवायचे. काय ते कौतुक! मी आपला खुशीत वाफ सोडत होतो.

एकदा तिच्याच कचेरीतली कुंदा घरी आली. म्हणाली, "जानकी, हा धंदा झाला ना गं. सरकारी माणसाला आधी परवानगी लागते. घेतलीस?"

"मोदकांना कसली परवानगी?"

"खायला नाही, विकायला! कुणी तक्रार केली तर नोकरीची वाट लागेल."

जानकीचा चेहराच उतरला. कुंदा जाताच तिने मला जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. मला! मी काय चोरीचा माल होतो? खरं सांगतो, फार वाईट वाटलं. पण खाली ती रडत होती. नोकरी गेली तर घर कसं चालणार, आणि मोदक बंद झाले तर एवढं कौतुक तिच्या वाट्याला कुठून येणार?

शेवटी तिची मुलगी श्रुतिका म्हणाली, "आई, लपवतेस कशाला? सरळ अर्ज कर ना."

जानकीने अर्ज केला आणि परवानगी येईपर्यंत सगळ्या ऑर्डरी बंद केल्या. अर्जावर सही हवी होती साहेबांची. तो त्यांच्या टेबलावर नुसता पडून राहिला. गणपती तोंडावर आले, मी माळ्यावर काळा पडत चाललो. आणि एका संध्याकाळी साहेबांचाच फोन!

"जानकीताई, गणपतीला मोदक हवेत बरं का. नेहमीसारखे."

"नाही जमणार, साहेब."

"का हो?"

"परवानगी नाही अजून. अर्ज तुमच्याच टेबलावर आहे."

साहेबांनी हळूच फोन ठेवून दिला.

दुसऱ्याच दिवशी सही झाली. अट मात्र घातली, कचेरीतल्या कुणाचीही ऑर्डर घ्यायची नाही. म्हणजे साहेबांनी सही केली ती स्वतःच्या मोदकांवर पाणी सोडून. मानलं बुवा!

मला खाली काढलं, चिंचेने घासलं, आतून कल्हई केली. मित्रांनो, तुमच्या घरच्या भांड्यांनाही असंच जपा. आणि कष्टाचं काम कधी माळ्यावर लपवू नका, विचारून उजळ माथ्याने करा. तिथल्या अंधारात फार जीव घुसमटतो हो.

चतुर्थीला साहेब जानकीच्या घरी दर्शनाला आले. पानात मोदक, वर साजूक तूप. एक संपला. दुसरा मागावा की नाही, बिचारे घुटमळले.

"घ्या ना, साहेब," जानकी हसून म्हणाली, "प्रसादाला परवानगी लागत नाही."