आधी गाडी, मग कूळ

"तोंडाला कुलूप लाव, अर्लिंडा," विल्फर्डमामा म्हणाला. "कूळ सांगायचं नाही, विचारायचं नाही. आधी गाडी, मग कूळ."

आता असं आमच्यात कुणी कधी वागलंय का? आम्ही नवाहो, अमेरिकेतली मूळची माणसं, भेटलो की हातात हात देतो आणि कूळ सांगतो. आईचं आधी, कारण आमच्यात तेच आपलं कूळ, मग बापाचं. नाव राहिलं तरी चालतं. पण मामाचं म्हणणं असं, की कूळ सांगितलं की नातं निघतं, आणि नातं निघालं की घासाघीस संपली. मागे एकदा तो खोगीर विकत घ्यायला गेला होता. विकणारा त्याचा आजा लागतो असं निघालं, आणि खोगीर राहिलं बाजूला, मामा त्या म्हाताऱ्याचं कुंपण दुरुस्त करून घरी आला.

मी गप्प बसले, कारण मला गाडी हवीच होती. आईला आठवड्यातून तीनदा चिनलीच्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागतं. आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट कोरडी असली तर माझी छोटी गाडी कशीबशी जाते. पाऊस झाला की संपलं, तो लाल चिखल चाक सोडत नाही. त्या महिन्यात दोन खेपा चुकल्या. आईचे पाय सुजले, बसल्या जागी धाप लागायला लागली. तिथली नर्स चांगली बाई आहे, पण ती तरी काय करणार? म्हणाली, "गावातल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी आहे. शुक्रवारपर्यंत तुझ्या आईसाठी धरून ठेवते. पुन्हा खेप चुकली तर तिला तिथे हलवावंच लागेल." मेंढ्या सोडून, ते डोंगर सोडून आई त्या खोलीत जगली नसती. मला माहीत होतं आणि तिलाही.

म्हणून राउंड रॉकजवळ अँब्रोज यलोहेअर नावाच्या माणसाच्या अंगणात आम्ही उभे होतो. साठीच्या पुढचा गडी, डोक्यावर काळी हॅट. त्यानंही कूळ विचारलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

जीप जुनी होती, माझ्याहून थोरली असेल. मामानं आधी बॉनेटवर तळहात ठेवला.

"गरम आहे."

"सकाळी पाणी आणायला गेलो होतो."

मामानं आमच्या रीतीनं, बोट न दाखवता ओठ पुढे काढून अंगणातल्या टाकीकडे दाखवलं. "टाकी तर कोरडी ठणठणीत."

अँब्रोज हसला. "बरं बाबा, मीच चालू करून ठेवली होती. इंजिन थंड असलं की जरा नखरे करते."

मग मामा सावलीत बैठक मारून बसला, इंजिन निवेपर्यंत उठलाच नाही. निवल्यावर गाडी तिसऱ्या झटक्याला लागली, थोडा काळा धूर सोडला आणि शांत झाली. मामानं तेल बोटांवर चोळून पाहिलं. फोर-व्हील टाकून कोरड्या ओढ्यातल्या मऊ वाळूत नेली. मी शेजारी जीव मुठीत धरून बसले होते. गाडी रुतायला आली आणि चारही चाकांनी जोर लावून अशी वर आली, की मी टाळीच वाजवली. मामानं डोळे वटारले. गिऱ्हाइकानं टाळ्या वाजवायच्या नसतात.

"स्टिअरिंगला ढील आहे," परत आल्यावर तो अँब्रोजला म्हणाला.

"नवे टायर टाकले, ढील काढली, थोडा रंग मारला, तर ही गाडी नव्यासारखी होईल."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," मामा म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

खाली सगळा वाळलेला चिखल होता. पण आमच्याकडे कुणाच्या गाडीखाली चिखल नसतो? उलट धुतलेली गाडी दिसली की आम्हाला संशय येतो. मामा चिखलाकडे बघून समाधानानं बाहेर आला, कपडे झटकले आणि मला हळूच म्हणाला, "घे."

भाव ठरला. पैसे द्यायचे तेवढे राहिले होते, तोच अँब्रोजची बायको इला दारात आली. "आधी जेवा. मटणाचा रस्सा झालाय."

नाही कसं म्हणणार? गरम रस्सा, तळलेली रोटी. मी दोन घास खाल्ले नसतील, तर इलानं विचारलंच, "कुठल्या कुळाची गं तू?"

मामानं वाटीत डोकं घातलं. माझा सकाळपासून जीव गुदमरला होता. अन्न खाऊन कूळ लपवायचं? मला नाही जमत.

"कडूपाण्याची," मी म्हणाले. "हा माझा मामा, म्हणजे तोही कडूपाण्याचाच."

अँब्रोजचा चमचा थांबला. इला मात्र खो खो हसत सुटली. "अगं बाई! यांचा बाप कडूपाण्याचा! म्हणजे बापाच्या कुळातली तू यांची आत्या की गं! अहो, नमस्कार करा आत्याला!"

अँब्रोज हसला नाही. उठला आणि बाहेर गेला. थोड्या वेळानं हाक आली, "आत्या, इकडे ये."

तो गाडीखाली आडवा झाला होता. हातात स्क्रू-ड्रायव्हर. स्टिअरिंगचा डबा गाडीच्या सांगाड्याला जिथे बसतो, तिथला चिखल त्यानं खरवडून काढला होता. खाली पोलादात चीर होती, नख आत जाईल एवढी.

"हा चिखल मीच थापला होता," तो म्हणाला. "एखाद्या वळणावर तुटलं असतं. तू चाक फिरवत राहिली असतीस आणि गाडी सरळ गेली असती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "लाज नाही वाटली? माझी आई बसणार होती यात! आजारी बाई! नातं निघालं म्हणून सांगतोस, नसतं निघालं तर? आम्ही दोघी ओढ्यात पडल्यावर सांगायला आला असतास का?"

तो उठून उभा राहिला, हॅट काढली. "बोल, आत्या. तुझा हक्क आहे."

माझ्या बापाच्या वयाचा माणूस मान खाली घालून मला आत्या म्हणत होता. ओरडावं की रडावं, कळेना. शेवटी एवढंच तोंडून निघालं, "मग आता मी आईला कशानं नेऊ रे?"

त्यानं हॅट परत डोक्यावर ठेवली. शेडमधून वेल्डिंगचं मशीन ओढत आणलं. उमेदीत तो खाणीवर वेल्डर होता, हे इलानं सांगितलं. त्यानं ती चीर तासून काढली, भरली, वरून जाड पत्रा बसवला. मामा पत्रा धरून उभा, स्वतःशीच पुटपुटत होता, "मीही गाढवच. हातोडीनं ठोकून बघायला काय झालं होतं?" अंधार पडायच्या आत अँब्रोजनं स्वतः गाडी खड्ड्याखड्ड्यातून दामटून आणली, पुन्हा खाली शिरून बघितलं, मगच ठरलेले पैसे घेऊन किल्ली माझ्या हातात दिली. वेल्डिंगचं विचारलं तर म्हणाला, "आत्याला बिल लावू?" इलानं आईसाठी रश्श्याचा डबा बांधून दिला. मी दोघांचे हात धरून उभी राहिले.

शुक्रवारी पहाटेपासून पाऊस. वाटेचा नुसता राडा झाला होता. आईला शेजारी बसवलं, फोर-व्हील टाकलं आणि निघाले. ओढ्याच्या उतारावर गाडी घसरली, मी चाक फिरवलं, आणि चाकं वळली. मी देवाचं, अँब्रोजचं, इलाच्या रश्श्याचं, सगळ्यांचं नाव घेत होते.

"रस्त्याकडे बघ," आई म्हणाली. "नावं नंतर घे."

नर्स आम्हाला बघून खुर्चीतून उठलीच. "या पावसात आलात? मग ती खाट मी दुसऱ्या कुणाला देऊ?"

"दे," आई म्हणाली. "ज्याला भाचा नाही त्याला दे."

तिला मशीनला लावलं तशी मी बाहेर आले आणि अँब्रोजला फोन लावला. त्यानं उचलला आणि मला हुंदकेच आवरेनात.

"आत्या? काय झालं? तुटलं का? आत्या, बोल ना!"

"नाही रे," मी म्हणाले. "पोचलो. आई खुर्चीत बसलीय. वेळेत पोचलो आम्ही."

पलीकडे त्यानं इलाला ओरडून सांगितलं, "पोचल्या गं!" मग तो "बरं" म्हणाला. "सवडीनं गाडी इकडे आण, आत्या. खालून पुन्हा एकदा बघतो."