बाबांच्या आवाजाची डबी

माझ्याइतकं भित्रं माणूस अख्ख्या गारखेड्यात दुसरं नसेल. कुकरची शिट्टी जरा लांबली की मी गॅस बंद करून मोकळी होते. त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरमधून टक्‌टक् आवाज यायला लागला आणि माझी झोप उडाली, यात नवल काहीच नाही. नवल हे, की या वेळची भीती खरी होती.

त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या बाबांचा आवाज होता. बाबा, म्हणजे कडुबा, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत्याकडे लिलाव पुकारायचे. घशाच्या कॅन्सरमुळे डॉक्टरांनी त्यांची स्वरपेटी काढायची ठरवली, तेव्हा ऑपरेशनच्या आधी मी त्यांचं रोजचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. "चहा टाक", "पंखा लाव", "जयभीम, या बसा" आणि त्यांच्या आग्रहाखातर दोन शिव्याही. नंतर प्रत्येक वाक्याला कीबोर्डवरचं एकेक बटण जोडून दिलं. बटण दाबलं की बाबा बोलायचे, स्वतःच्या आवाजात.

फक्त वेळेवर बोलायचे नाहीत. हार्ड डिस्क जुनीपुराणी. बटण दाबल्यावर ती घरघरायची, विचार करायची, आणि पाहुणा चपला घालून जिना उतरायला लागला की आतून यायचं, "जयभीम, या बसा." बाबा टेबलावर मूठ आपटायचे. हळूहळू त्यांनी बटणं दाबणंच कमी केलं. त्यांना असं गप्प होताना बघून मला धास्ती वाटायची. त्यात आता ही टक्‌टक्.

दुकानदार गोकुळनं डिस्क कानाला लावली आणि मान हलवली. "ताई, ही आज जाती का उद्या, सांगता येत नाय. एसएसडी टाका. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, नुसत्या चिपा."

त्यानं दोन प्रकार समोर ठेवले. एक बोटाएवढी उघडी पट्टी, वर चिपा चिकटवलेल्या. "ही लई फास्ट. पण तुमच्या बोर्डावर हिला जागाच नाय, सगळा बोर्ड बदलावा लागंल." दुसरी काडेपेटीपेक्षा मोठी, चपटी, पत्र्याच्या आवरणातली. "ही तिच्यापेक्षा हळू. पण तुमच्या जुन्या डिस्कपुढं वारा हाय वारा."

"बटण दाबल्यावर बाबा लगेच बोलतील?"

"दाबायच्या आधीच बोलतील," तो हसला.

मला हसू आलं नाही. ती उघडी पट्टी बघूनच धडकी भरली होती; धक्का लागला, पाण्याचा थेंब पडला, तर? पत्र्याची डबी कशी दणकट दिसत होती. मी तीच घेतली, सोबत जोडायची वायरही. "कॉपी झाली की आणखी एक पेन ड्राइव्हवर ठेवा," गोकुळनं बजावलं.

घरी दोन्ही डिस्क जोडल्या. कॉपी होईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही, पंखासुद्धा लावला नाही. सगळं उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी डिस्क एकदा जोरात टकटकली आणि कायमची गप्प झाली. ज्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं, तो तर कधीच चोरीला गेला होता. पेन ड्राइव्ह मी संध्याकाळी आणणार होते.

"आई," मी पारूबाईला, म्हणजे आईला, डबी दाखवून सांगितलं, "बाबांचा सगळा आवाज आता हिच्यात आहे. दुसरीकडं कुठंच नाही. हरवली तर संपलं."

आईनं डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. "इवलीशी हाय," ती काळजीनं म्हणाली.

कॉम्प्युटर उघडायला मी शेजारच्या तनुजाकडं स्क्रू ड्रायव्हर मागायला गेले. तनुजानं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. परत येऊन बघते तर टेबलावर नुसता कॉम्प्युटर. डबी नाही, आईही नाही. बाबा खुर्चीत बसलेले.

"बाबा, डबी कुठंय?"

त्यांचा हात सवयीनं कीबोर्डकडं गेला आणि थांबला. कॉम्प्युटरच बंद होता, बोलणार कशानं? मग ते हसले. पेन धरल्यासारखी मूठ करून त्यांनी ती तळहातावर थरथर थरथर फिरवली.

"थंडी वाजते का?"

त्यांनी वैतागून मान हलवली, खिशातून पेन काढला आणि पेपरच्या कोपऱ्यात लिहिलं: भांडी. नाव. गुलमंडी.

मावसबहिणीच्या लग्नात द्यायच्या पातेल्यांवर नाव टाकायला आई आज गुलमंडीच्या बाजारात जाणार होती. नाव टाकतात ते कंप पावणाऱ्या सुईनं, पत्रा कोरत कोरत. आईनं पातेल्यांसोबत डबीही नेली होती.

माझा चेहरा बघून बाबांचं हसू मावळलं. त्यांनी माझं मनगट पकडलं. ओठ हलले, आवाज नाही. काय झालं, एवढंच विचारायचं होतं त्यांना. मी सांगितलं नाही. पळाले.

आईला फोन लावला, तर तो घरातच उशीखाली वाजला. रिक्षा पैठण गेटपाशी गर्दीत अडकली, तशी मी उतरून धावत सुटले. डोक्यात एकच: डॉक्टरांनी बाबांचा आवाज काढला तो जीव वाचवायला, आणि मी तो दुसऱ्यांदा घालवणार, चहा पीत बसले म्हणून. त्यांना तोंड कसं दाखवू? मला रडू येत होतं आणि रडायला दम उरला नव्हता.

भांड्यांच्या गल्लीत शिरले आणि भुर्रर्र आवाज ऐकू आला. दुकानाच्या पायरीवर नाव टाकणारा पुंजाराम बसला होता. मांडीवर डबी, डबीवर सुई. 'कडु' कोरून झालं होतं, 'बा' अर्धा.

"थांबा!" मी ओरडले. गल्ली वळून बघायला लागली.

पुंजारामनं सुई उचलली. "काय झालं ताई? नाव चुकलं का?"

"अगं, वरडतीस काय?" शेजारी बसलेली आई उठली. "नाव नसलं की भांडं परत येत नाय. विहारात कार्यक्रमाला दिलेली आपली पातेली नावामुळंच घरी आली ना? ह्याच्यात तर तुझा बाप हाय. त्याला बिननावाचं ठेवू व्हय?"

मी डबी उचलून छातीशी धरली आणि आत चिपा असतात, बारीक जोड असतात, ते हादऱ्यानं तुटले असतील, असं जमेल तसं सांगितलं. आई पांढरीफटक पडली.

"म्हंजे मी त्यांच्या आवाजात सुई घातली?"

रिक्षात तिनं डबीवरून नजर हलवली नाही. पातेली दुकानातच राहिली, तेही तिला आठवलं नाही. घरी आल्याबरोबर ती स्वयंपाकघरात गेली आणि आमच्याकडं पाठ करून नळाखाली धुतलेलीच भांडी धुवायला लागली. "नाय चाललं तर मला सांगू नको," ती म्हणाली.

मी कॉम्प्युटर उघडला. बाबा मागं उभे होते. गळ्याच्या छिद्रातून त्यांचा श्वास शीळ घातल्यासारखा भरभर येत होता. त्यांनी अर्धं कोरलेलं स्वतःचं नाव बघितलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि डबी माझ्या हातात परत दिली.

मी डबी आत बसवून कॉम्प्युटर चालू केला. पडदा काळा. काळाच राहिला. मग कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली आणि मी श्वास घ्यायच्या आत सगळं चित्र समोर आलं. पण कॉम्प्युटर चालू होणं वेगळं आणि बाबा बोलणं वेगळं. माझा हात पुढं जाईना.

"बाबा, तुम्हीच दाबा."

त्यांचं बोट चहाच्या बटणावर गेलं, पंख्याच्या बटणावर गेलं, आणि शेवटी कडेच्या एका बटणावर टेकलं.

"पारूऽऽ!"

मोंढ्यात शेवटच्या रांगेपर्यंत जायचा तोच आवाज, तत्क्षणी, भिंती हादरवत.

"आले, आले!" स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "वरडता कशाला एवढं, बहिरी हाय का मी?"

मग नळ बंद झाला. आई ओल्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली. तिनं बाबांकडं बघितलं.

"वरडा की अजून," ती म्हणाली.