मिटल्या ओठांची बाई

बाऊत्रुक गावात मडकं जागचं हलत नाही, घडवणारीच त्याच्याभोवती उलटी चालत फिरते. दियेमही तशीच फिरायची, पण घडवायची मात्र मातीच्या बाया. कुणी बाळंतीण, कुणी बाजारातून दमून आलेली, कुणी कमरेत उसण भरलेली. गावातल्या बायका यायच्या, स्वतःला ओळखायच्या आणि तंडायच्या. "माझं ढुंगण एवढं?" लिऊमावशी म्हणाली होती. "अगं, नदीत माती उरली का?"

या वेळची बाई मात्र कुणी ओळखेना. दारात बसलेली, ओठ घट्ट मिटलेले. उद्या शहरातल्या प्रदर्शनाची गाडी येणार होती आणि दियेमचा सगळा जीव या एका बाईत अडकला होता.

दुपारी वारा बरा होता. साऱ्याजणींची मडकी भाजण्यासाठी लाकडांवर एकत्र रचली होती, वर पेंढा टाकायचा तेवढा राहिला होता. लिऊमावशीनं बाईच्या डोक्यावर टिचकी मारली.

"पोकळ ना गं ही? मग वाफेला वाट कुठाय?"

दियेमनं जीभ चावली. जन्म मडक्यांत गेलेला! मडक्याला तोंड असतंच, वाटेचा विचार करतंय कोण?

"उचल हिला. ही फुटली तर माझी मडकी घेऊन फुटेल."

"बुडाला भोक पाडते."

"वाळलेल्या बुडाला? सगळा भार तिथंच आहे, तडकेल. तोंड उघड तिचं."

"तोंड नाही उघडायचं!" दियेम ओरडलीच. "ती बोलली नाही, तेच तर घडवलंय मी!"

"कोण बोलली नाही?"

दियेमनं पेंढ्याजवळ उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आईचा आवाज असा की रानातल्या बकऱ्या घराकडे वळायच्या. पण दियेमचा धाकटा भाऊ थुआन लग्न होऊन गावच्या रीतीनं बायकोच्या घरी नांदायला निघाला, तेव्हा ती दारात बसून राहिली. चकार शब्द काढला नाही.

आई पुतळ्यासमोर उकिडवी बसली. "मी होय ही? नाक झकास जमलंय."

"थुआन गेला त्या दिवशीची," दियेम म्हणाली.

"इश्श! दोन गल्ल्या पलीकडे तर दिलाय पोराला," लिऊमावशी म्हणाली. "रोज सुकी मासळी मागायला हजर!"

सगळ्या खिदळल्या. आई हसली नाही.

"मुलगा सासरी जायचाच. मी रडले असते तर त्याचा पाय निघाला नसता, म्हणून ओठ दाबले. पण सांगते, फुटायचीच बाकी होते मी."

दियेमनं बांबूची धारदार काडी आईच्या हातात दिली. आईनं ओठांवर पाणी लावलं आणि हळूहळू कोरत फट पाडली. मग वाकून त्या फटीत पुटपुटली. जवळ होती म्हणून दियेमलाच ऐकू आलं, "जाऊ नको रे."

लगेच आई उठली. "बघताय काय टकामका? पेंढा टाका, पेटवा!"

संध्याकाळी बाई राखेतून अख्खी निघाली. ओठ धुरानं काळे झाले होते. थुआन नेहमीसारखा मासळी मागायला आला आणि तिच्यापुढे थबकला.

"आई, ही तूच ना? काय म्हणतेय गं?"

"जेवून जा म्हणतेय," आई म्हणाली.