हळद लागलेला गिअरबॉक्स

माझी धाकटी बहीण लतिका देवासला असते. तिच्या सत्तरीला आम्ही धारहून मोटारसायकलवरच येणार, असं ह्यांनी फोनवर कबूल करून टाकलं, तेव्हा गाडीचा गिअरबॉक्स अंगणात उघडा पडला होता.

याच गाडीवरून हे मला बघायला आले होते. घरच्यांनी मुलगा बघितला, आम्ही दोघी बहिणींनी गाडी बघितली.

आता गिअरबॉक्सचं असं ॲल्युमिनियमचं कवच कुठंच मिळत नाही. इंदूरचे सगळे भंगारवाले पालथे घालून झाले. आमच्या मुलानं तर बजावलं होतं, कवचाला तडा गेला की गाडीच भंगारात, आणि ह्यांनी मान डोलावली होती. तरी अडकलेलं जुनं बेअरिंग काढायला हे हातोडा घेऊन बसले. मी हातोडा उचलून पदराखाली घेतला.

"अहो, साच्यातला मोदक हातोड्यानं सोडवतात का?"

माझे वडील देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या मोटारखान्यात होते. ते सांगायचे, थंड कवचाला ठोकलं की तडा ठरलेला. त्याला ऊब द्यावी, पण सगळीकडून सारखी. म्हणून रॉकेल आणि साबणानं घासलेलं कवच मी बाफल्यांचे कणकेचे गोळे उकडायच्या मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवलं. नवं बेअरिंग आकसायला फ्रीजरमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी.

तेवढ्यात आमची सून अल्पना देवळातून आली. पातेलं रटरटताना बघून तिनं झाकण जरासं उचललं आणि सवयीनं हळद-मीठ टाकलं.

"आई, बाफले कितने जणांचे टाकले?" तिनं विचारलं.

ह्यांना हसू आवरेना. हसत हसतच आम्ही फडक्यांनी धरून कवच पाटावर उपडं केलं. जुनं बेअरिंग आपलं आपण टप्पकन पडलं. गार नवं बेअरिंग त्याच्या जागी माहेरी आल्यासारखं बसलं. पुढं बोल्ट आवळताना ह्यांना पुन्हा घाई. मी शेजारी बसून एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा करत आवळून घेतले, नाहीतर तिथंच तडकलं असतं. भिंग घेऊन बघितलं, तडा नव्हता. पिवळेपणा मात्र लिंबानंसुद्धा गेला नाही.

रस्ताभर मी गाणी म्हटली. ट्रकवाले हात करत होते.

लतिका फाटकात औक्षणाचं तबक घेऊन उभी होती. आधी वाकून तिनं गिअरबॉक्सच बघितला.

"अक्का, हिला हळद लावलीस? मग वरात नको काढायला?"

असं म्हणून तबक माझ्या हातात दिलं आणि निऱ्या सावरत ती ह्यांच्या मागं माझ्या जागेवर जाऊन बसली. ह्यांनी गिअर टाकला, लोण्यासारखा पडला. दोघं टेकडीच्या रस्त्याला लागली, आणि सत्तरीचा दिवा हातात धरून मी फाटकात उभी, पुढची चक्कर माझी म्हणून ओरडत.