आडवं धरलेलं मीटर

हेडमास्तरांना या चमत्कारातून काय मिळणार होतं, तो हिशेब आधी मांडू. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, छातीत सुपारीएवढी गाठ होती. डॉक्टर म्हणत होते, लगेच काढा. मास्तर मात्र रक्ताच्या नुसत्या नावाने घामाघूम. ऑपरेशन टाळायला त्यांना चारचौघांत सांगता येईल असं कारण हवं होतं. मोबाइल टॉवरच्या लहरींनीच गाठी होतात असं सांगत फिरणाऱ्या लहरीबाबांनी ते घरपोच दिलं.

त्या संध्याकाळी अख्खी इमारत गच्चीवर लोटली होती. बाबांनी टेबलाच्या एका टोकाला डबा ठेवला. "हा टॉवरच्या दुष्ट लहरींचा नमुना!" दुसऱ्या टोकाला लहरी मोजणारं मीटर, उभं. ते किंचाळलं, तशी बायकांनी पोरं पोटाशी धरली. मग बाबांनी मध्ये एक पाटी उभी केली, हातभर चौकोनी, वर तांब्याच्या बारीक तिरक्या पट्ट्या. मीटर गप्प. काटा शून्यावर.

"लहर मेली!" बाबा गरजले. "आता गाठ काय खाऊन वाढेल? उपाशी मरेल!"

पहिली टाळी हेडमास्तरांची. 'प्रश्न विचारा' म्हणून जन्मभर पोरांना छड्या मारणारा माणूस. स्वतः एकही विचारला नाही.

पाटी वहिनींच्या उशाशी, खिडकीत लागली. मास्तरांनी फोन करून ऑपरेशन रद्द केलं. गाठीला मात्र कुणी कळवलं नव्हतं. ती वाढत राहिली.

वहिनींना उठून बसवेना, तेव्हा बाबांना पुन्हा बोलावणं गेलं. त्यांनी पाटीपलीकडे डबा ठेवला, अलीकडे मीटर धरलं. "पाहा ताई, शून्य! खोट तुमच्या श्रद्धेत आहे."

"बघू तरी," म्हणत वहिनींनी मीटर ओढून घेतलं. त्या कुशीवर निजलेल्या, त्यामुळे मीटरही हातात आडवं झालं. आणि जे किंचाळलं!

"ताई, यंत्र उभं धरायचं असतं."

"मला उभं राहता आलं असतं, तर तुम्हाला घरात घेतलं असतं का?" वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "अहो, ती पाटी काढा."

मास्तरांनी काढली. आता मीटर आडवं धरलं की मुकं, उभं धरलं की बोंब.

"तुमची लहर मेलीबिली नाही हो, बाबा. माझ्यासारखी कुशीवर वळली फक्त."

नेमकं तेच. डब्यातली लहर वर-खाली हेलकावत येते. मीटरची अँटेना उभी. तिला तेवढंच कळतं. पाटीवरच्या पट्ट्या लहरीला पिळून आडवी करतात. जोर बहुतेक तसाच राहतो, मीटर तेवढं आंधळं होतं. अँटेना बनवणारे अशा पाट्या कामाला वापरतात, मंत्र न म्हणता.

मग दवाखाना गाठला. डॉक्टरांनी गाठीचा फोटो उजेडात धरला. "टॉवरचा आणि या गाठीचा काही संबंध नव्हता. तेव्हा आला असतात, तर काढून टाकली असती."

"आणि आता?" मास्तरांनी विचारलं. जन्मातला पहिला खरा प्रश्न.

डॉक्टरांनी फोटो पाकिटात परत घातला.

तेव्हा मंडळी, कुणी यंत्र नाचवलं, तर हात जोडण्याआधी ते हातात मागा. आडवं करा, उलटं करा. खऱ्याला उलटतपासणीची भीती नसते.

राहिला शेवटचा हिशेब. वहिनी गेल्या त्याच आठवड्यात बाबा पाटी परत मागायला आले. शेजारच्या इमारतीत कार्यक्रम होता. मास्तरांनी दिली, शिवाय न्यायला पिशवीही दिली. त्यांना ऑपरेशन बघावं लागलं नाही. बाबांचं काहीच गेलं नाही. दोघांचं बिल एकट्या वहिनींनी चुकतं केलं.