पाण्याची चाल ऐकणारा चुंबक

मी एक जुना चुंबक आहे, मित्रांनो. पण कंपासपेटीत मावणारा नव्हे. नांदेडच्या एका विज्ञान महाविद्यालयात, तळमजल्यावरच्या खोलीत, तीन पायांवर उभा असलेला मी माणसापेक्षा उंच आहे. दिसायला चकचकीत पोलादी रांजणच. माझ्याजवळ येण्याआधी प्रत्येकाला किल्ल्या, घड्याळ, मोबाईल बाहेर ठेवावे लागतात. मोठमोठे प्राध्यापकही माझ्या दारात खिसे रिकामे करतात. मला त्याचा अभिमान वाटतो, खोटं कशाला सांगू?

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातला. केसासारख्या बारीक तारांचं मोठं वेटोळं करून माझ्या पोटात बसवलं आणि भोवती द्रवरूप हेलियम भरलं. हेलियमच्या त्या गारठ्यात तारेत एकदा वीज सोडली की ती वर्षानुवर्षं फिरतच राहते. तीच माझी ताकद. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र तुम्ही पाहिलं असेल. ते माझं भावंड. ते माणसाच्या शरीरात बघतं, मी काचेच्या बारीक नळीतल्या थेंबात.

माझं काम ऐकण्याचं. नळीतल्या पाण्याला मी अगदी हलका धक्का देतो आणि ते पुन्हा शांत कसं होतं ते ऐकतो. मोकळं पाणी सावकाश शांत होतं. एखाद्या प्रथिनाला बिलगलेलं पाणी चटकन गप्प होतं. त्यावरून नळीत काय चाललंय ते कळतं, नळी न उघडता.

बरीच वर्षं मी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत होतो. तिथे पंचशीला नरवाडे नावाची किनवटची मुलगी संशोधन करायला आली. प्रथिनं आणि पाणी यांचं नातं हा तिचा विषय. ती माझ्यावरच शिकली, डॉक्टर झाली आणि नांदेडला प्राध्यापक म्हणून गेली. पुढे संस्थेत माझ्याहून बलवान चुंबक आले. माझी वीज काढून घेतली, हेलियम उडून जाऊ दिलं आणि प्लास्टिक पांघरून मला कोपऱ्यात उभं केलं. गरम होत जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

पंचशीला मॅडमना ही बातमी लागली. त्यांनी मला मागून घेतलं आणि ट्रकवर बसून मी मराठवाड्यात आलो.

नवं हेलियम भरून मला जागं करायचा पहिला प्रयत्न फसला. तारेत वीज चढत होती, मलाही बळ येत होतं, आणि अचानक आतली तार एका जागी तापली. क्षणात सगळं हेलियम उकळलं आणि छतावरच्या नळीतून पांढरा ढग होऊन निघून गेलं. बाहेर उभे असलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, भंगार आणलं तुम्ही. आता हेलियम कोण देणार?"

हेलियम सहजासहजी मिळत नव्हतं, हे मॅडमनाही माहीत होतं. काही महिने मी तसाच उभा राहिलो. मग त्यांच्या कानावर आलं की लातूरच्या एका दवाखान्यातलं जुनं एमआरआय यंत्र कायमचं बंद होणार आहे. त्या तिकडे गेल्या. त्याच्या पोटातलं हेलियम वाया घालवू नका, एवढीच विनंती त्यांनी केली आणि दवाखान्यानं ती मानली. आमचे इंजिनिअर मल्लिकार्जुन देगलूरचे. ते मोठा थर्मास घेऊन लातूरला गेले. माझ्या भावंडाच्या पोटातला शेवटचा गारवा असा माझ्या पोटात आला. त्याला मी कधी भेटलो नाही, पण त्याच्याच जिवावर उभा आहे.

"मॅडम, आता निवांत चढवू वीज," मल्लिकार्जुन म्हणाले. "मधेमधे त्याला दम खाऊ द्या."

"हाव," मॅडम म्हणाल्या. "मागच्या बारीला आपण लई घाई केली."

या वेळी थोडी वीज चढवायची, थांबायचं, पुन्हा थोडी, असं चाललं. संध्याकाळ व्हायच्या आत मी पूर्ण जागा झालो. मॅडमनी नळाचं पाणी नळीत भरून माझ्यात सोडलं. पडद्यावर सरळ, उंच रेघ उभी राहिली. मल्लिकार्जुननी डोळे पुसले आणि चहा सांगायला गेले.

मग माझं खरं काम सुरू झालं. मॅडमचा धाकटा भाऊ आदर्श किनवटच्या निवासी शाळेत शिक्षक आहे. त्याला सिकलसेल हा आजार जन्मापासून आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचे कण प्राणवायू कमी झाला की एकमेकांना चिकटतात. मग रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि सांधे असह्य दुखतात. डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी प्या. पण पाणी किती कमी पडलं की बिघडतं, ते मॅडमना बघायचं होतं. आदर्शनं स्वतःचं रक्त दिलं, मॅडमनी त्यातला प्राणवायू काढून ते नळ्यांत भरलं आणि तो माझ्याजवळच्या पडद्यासमोर येऊन बसला.

"ताई, हे काय दिसून राहिलं?"

"तुझ्या रक्तातलं पाणी. रेघ वर हाय तवर ते मोकळं फिरून राहिलं. खाली आली की समजायचं, प्रथिनं चिकटली."

रेघ बराच वेळ वर राहिली, मग हळूहळू उतरली. मॅडमनी दुसरी नळी सोडली. या वेळी रेघ बघता बघता कोसळली.

"ह्यात काय टाकलं?"

"टाकलं काहीच न्हाई. पाणी कमी ठेवलं."

"लई कमी?"

"न्हाई रे. थोडंच."

आदर्शचा हात गुडघ्यावर गेला. मग म्हणाला, "आमच्या शाळेत हा आजार असलेली लेकरं हायत. तास चालू असताना पाण्याला उठू देत न्हाईत."

पुढच्या आठवड्यात तो मुख्याध्यापक शिवप्रसाद सरांना घेऊन आला. सर करड्या शिस्तीचे. "एकाला सोडलं की सगळा वर्ग उठतो," ते येतानाच म्हणाले. मॅडमनी वाद घातला नाही. तशाच दोन नव्या नळ्या त्यांच्यासमोर एकामागून एक सोडल्या. सरांनी दुसरी रेघ पडताना पाहिली आणि म्हणाले, "पुन्हा दाखवा." मॅडमनी पुन्हा दाखवली. मी माझ्या आयुष्यात इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

"चिकटायच्या आधी पाणी मिळालं तर?" सरांनी विचारलं.

"तर बराच वेळ सांभाळून राहतं, सर. आजार जात न्हाई, पण कळ टाळता येते."

त्या शाळेत आता प्रत्येक बाकावर पाण्याची बाटली असते. आजारी लेकरांच्याच नव्हे, सगळ्यांच्या, म्हणजे कुणी वेगळं दिसू नये. मॅडमचा शोधनिबंध दूरदेशी वाचला गेला, त्यात माझाही उल्लेख आहे. पण बाटल्यांची बातमी आदर्शनं सांगितली, तेव्हा मला जास्त आनंद झाला.

या हिवाळ्यात ती लेकरं मला बघायला आली. राजकन्या नावाची लहान मुलगी, तिलाही तोच आजार. दाराबाहेर उभी राहून तिनं बाटलीतून घोट घेतला आणि मल्लिकार्जुनना विचारलं, "काका, ह्याला बी तहान लागती का?"

"लागती की. हेलियम कमी झालं की ह्याला बी त्रास होतो. म्हणून आम्ही वेळेवर पाजतो."

मित्रांनो, ते खरं आहे. कुणीतरी वेळेवर पाजतं, म्हणून मी अजून ऐकतो आहे. तुमच्या वर्गात एखादं पोर तास चालू असताना पाण्याला उठलं, तर हसू नका. पाय आवरून त्याला वाट द्या.